डिस्क आहे, पण दिसत नाही

प्रश्न : मी नाशिकला डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. अंबडला माझ्या मामांचं वर्कशॉप आहे. तिथलं हजेरी आणि स्टोअरचं काम व्हीएमवेअर वर्कस्टेशनमधल्या (लॅपटॉपच्या आत आभासी संगणक, म्हणजे ‘मशीन’, चालवणारं सॉफ्टवेअर) सेंटओएस 7 या लिनक्सवर चालतं. ते रॉकी लिनक्स 9 वर न्यायचं म्हणून त्याच सेटिंगचं नवं मशीन बनवलं, तर इन्स्टॉलरला डिस्कच सापडत नाही. 20 जीबीची काढून 40 जीबीची केली, तरी तेच. लॅपटॉपचा एसएसडी गेला असेल का?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : एसएसडीला उगाच दोष देऊ नकोस. तो गेला असता तर आधी विंडोजच रडलं असतं. आणि डिस्क 400 जीबीची केलीस तरी फरक पडणार नाही, कारण अडलंय ते कंट्रोलरपाशी, म्हणजे डिस्कला मशीनशी जोडणाऱ्या भागापाशी.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले सर्व्हर सांभाळताना मी हे बऱ्याचदा पाहिलंय. जुनं मशीन चालतंय ना, मग तसंच दुसरं करू! तुझ्या जुन्या मशीनला ‘एलएसआय लॉजिक’ कंट्रोलर असणार. सेंटओएस 7 मध्ये त्याचा ड्रायव्हर होता. रेड हॅट कंपनीने आपल्या लिनक्सच्या 9 व्या आवृत्तीत तो वगळला, आणि रॉकी त्याच लिनक्सवर बेतलेली.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, स्वतः बघ. इन्स्टॉलर चालू असताना कंट्रोल-ऑल्ट-एफ1 दाब. व्हीएमवेअर कंट्रोल-ऑल्ट मध्येच गिळून टाकतं, म्हणून त्या दोघांसोबत आधी स्पेस दाब, फक्त स्पेस सोड आणि मग एफ1. पुढे कंट्रोल-बी आणि 2 दाबलं की शेल, म्हणजे कमांड टाइप करायची जागा, मिळेल. ‘एलएसबीएलके’ (lsblk) या डिस्कची यादी देणाऱ्या कमांडमध्ये सीडी दिसेल, डिस्क नाही. मग कंट्रोलर आणि त्यांचे ड्रायव्हर दाखवणाऱ्या ‘एलएसपीसीआय’ला ‘के’ पर्याय जोडून (lspci -k) चालव. यादीत एलएसआयचं नाव आहे, पण त्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ नाही, तर निदान पक्कं. त्याच युक्तीने कंट्रोल-ऑल्ट-एफ6 दाबून परत ये.

उपाय दोन मिनिटांचा. मशीन बंद कर, ती डिस्क काढ आणि नवी जोडताना प्रकार एनव्हीएमई किंवा साटा निवड, म्हणजे कंट्रोलरही त्याच प्रकारचा येईल. रिकामीच होती, जपायचं काही नाही. व्हीएमवेअरचा स्वतःचा पॅराव्हर्च्युअल एससीएसआय कंट्रोलरही चालेल, त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये 2.6.33 पासून आहे. पण एका वर्कशॉपच्या हजेरीला मी एनव्हीएमईच देईन.

मामांच्या चालत्या मशीनचा कंट्रोलर मात्र असा बदलू नकोस. सेंटओएस 7 चा इनिटरामएफएस (बूट होताना आधी चढणारी छोटी प्रतिमा) सहसा त्या मशीनला लागतील तेवढेच ड्रायव्हर घेऊन बनतो. कंट्रोलर बदलला की मशीन ड्राकटच्या (ही प्रतिमा बनवणारं साधन) इमर्जन्सी शेलमध्ये जाऊन बसतं. तसं झालंच तर बूट मेनूतली ‘रेस्क्यू’ची ओळ निवड, त्या प्रतिमेत ड्रायव्हर जास्त असतात. सेंटओएस 7 चे अपडेट 30 जून 2024 ला संपले, तेव्हा स्थलांतर करायचंच आहे. पण डेटा उचलून नव्या मशीनवर ने, आणि जुन्या मशीनचं आख्खं फोल्डर आधी बाहेरच्या डिस्कवर कॉपी कर. कॉपी करताना मशीन बंद हवं, सस्पेंड केलेलं नको.