जुन्या व्हिडिओ गेम्सची मोबाईल व्हर्जन्स टिकतात का?

काही टिकतात, पण नुसत्या जुन्या नावावर नाही. माझ्या मते सगळं कंट्रोल्सवर अडतं. जीटीए सॅन अँड्रिआस घ्या, 2004 चा गेम, 2013 मध्ये मोबाईलवर आला आणि इथे कोथरूडमधली कॉलेजची पोरं तो अजून खेळतात, पण ज्याने कॉम्प्युटरवर खेळलाय त्याला टचस्क्रीनवर गाडी वळवताना जाम त्रास होतो, कारण दोन्ही अंगठ्यांखाली अर्धा रस्ता झाकला जातो आणि बोटाला बटण लागतच नाही.

याउलट निन्टेंडोने 2016 मध्ये सुपर मारिओ रन मोबाईलसाठीच नव्याने बनवला, मारिओ आपोआप पळतो, आपण टॅप करून फक्त उडी मारायची, त्यामुळे कात्रजच्या पीएमपी बसमध्ये एका हाताने दांडी धरून उभं असलं तरी मस्त खेळता येतो. फुकटात थोड्याच लेव्हल्स आहेत, तेवढं सोडा.

आणि गेम आवडता असला तरी कंपनी तो बंद करू शकते, हे मला फार खटकतं. ईए या गेम कंपनीचं मोबाईलवरचं टेट्रिस एप्रिल 2020 मध्ये असंच बंद केलं. म्हणून पैसे भरायच्या आधी गेम नेटशिवाय चालतो का ते नक्की बघा.