पुढचा पत्रा काढला तरी चालतं, मागचा नाही

प्रश्न थोडक्यात असा: मिशिगनमधली २००३ सालची शेव्हरोले सिल्व्हराडो १५००, फोर बाय फोर, चारही चाकांना डिस्क ब्रेक. रोटरमागचे (रोटर म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची तबकडी) डस्ट शील्ड, म्हणजे पातळ पत्र्याचे आडोसे, गंजून पापडासारखे झालेत, एक तुटून रोटरला घासतंय. गॅरेजवाला म्हणतो, "चारही कापून फेका, काही फरक पडत नाही." ऐकायचं का?

पुढच्या दोन चाकांपुरतं तो निम्मा बरोबर आहे. मागच्या दोन चाकांबाबत साफ चूक. चारही पत्रे दिसायला सारखे असले तरी मागच्या पत्र्याचं काम पूर्ण वेगळं आहे.

आधी पुढचे बघू. डस्ट शील्ड म्हणतात, पण पॅडची काळी धूळ अडवणं हे त्याचं काम नव्हे, ती समोरून रिमवर बसतेच. हा पत्रा रोटरच्या आतल्या बाजूवर उडणारं पाणी, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाचा चिखल आणि खडी अडवतो. शिवाय तापलेल्या रोटरची धग बॉल जॉइंट आणि टाय रॉड या सस्पेन्शन-स्टिअरिंगच्या सांध्यांच्या रबरी बुटांपर्यंत आणि एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) वायरपर्यंत थेट जाऊ देत नाही. तो नसेल तर ब्रेक निकामी होत नाहीत. पण गाडी आठवडाभर उभी राहिली की रोटरची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा जास्त गंजते, तो खरखरीत गंज आतल्या पॅडला खातो, आणि मुसळधार पावसात पहिला ब्रेक किंचित उशिरा पकडल्यासारखा वाटतो. महाराष्ट्रातही बऱ्याच गॅरेजांत हा पत्रा काढून कोपऱ्यात टाकतात आणि गाड्या वर्षानुवर्षं धावतात. पण तिथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ ओतत नाहीत. कोकण किनाऱ्यावर गाडी ठेवणाऱ्याला मात्र मी हा सल्ला देणार नाही. रेसवाले शील्ड काढतात हा दाखला इथे गैरलागू आहे. ते त्या जागी हवेचा डक्ट बसवतात आणि पॅड-रोटर सतत बदलत असतात.

मग नवीन पत्रा लगेच का बसवू नये? कारण तुमच्या ट्रकवर तो हब बेअरिंग (चाक ज्यावर बसतं आणि फिरतं तो भाग) आणि नकल (हब ज्यात बसतो तो सस्पेन्शनचा लोखंडी भाग) यांच्या मध्ये दाबलेला असतो. हबचे तीन बोल्ट नकलच्या मागून येतात, पत्र्याच्या भोकांतून जातात आणि हबमध्ये आवळले जातात. म्हणजे हब बाहेर आल्याशिवाय पत्रा बदलत नाही. नवा पत्रा एका बाजूने चिरून सरकवण्याची युक्तीही इथे लागू पडत नाही. आणि वीस वर्षं मिठात राहिलेला हब नकलमध्ये अक्षरशः वेल्ड झाल्यासारखा बसतो. स्लाइड हॅमरने (सरकत्या वजनाच्या दणक्याने ओढणारं हत्यार) ओढलात तर कित्येकदा पुढची फ्लँज (चाक जिला बोल्टने बसतं ती चकती) हातात येते आणि बाकीचं बेअरिंग आतच राहतं. फ्लँजवर हातोडे मारून हब निघाला, तरी त्या दणक्यांनी बेअरिंगच्या रेसवर (गोळ्या फिरतात त्या कड्यावर) खड्डे पडलेले असतात. तो हब परत बसवू नका, थोड्याच दिवसांत घरघरू लागेल.

म्हणून माझा सल्ला: हब घट्ट असेल, आवाज नसेल, तर तो पत्र्यासाठी काढू नका. चाक, कॅलिपर (पॅड रोटरवर दाबणारा भाग), त्याचा ब्रॅकेट (दोन बोल्ट, १८ मिमीचा पाना) आणि रोटर काढा. कॅलिपर होजवर लोंबकळू देऊ नका, तारेने वर बांधा. पत्र्याचा सडलेला बाहेरचा भाग पत्रा कापायच्या कात्रीने हबभोवती गोल कापा. हब आणि नकलमध्ये दाबलेली मधली चकती आहे तिथेच राहू द्या. ती स्क्रूड्रायव्हरने उचकटून काढलीत तर हबचे तिन्ही बोल्ट सैल पडतात. कापलेली कड कानशीने घासा आणि एबीएसची वायर रोटरपासून लांब आहे ना ते हाताने तपासा. पत्रा फक्त वाकून घासत असेल तर कात्रीही नको. हाताने मागे वाकवा, चारी बाजूंनी ३-४ मिमी फट ठेवा. रोटर आणि पत्र्यात अडकलेला खडाही असाच कर्कश आवाज करतो, आधी तो शोधा.

पुढे कधी हब बदलायची वेळ आली की त्याच वेळी नवा पत्रा टाका, दहा मिनिटांचं जादा काम आहे. एक्सल नट (३६ मिमी) चाक जमिनीवर असतानाच सैल करा. मात्र नट काढल्यावर ट्रकचं वजन त्या चाकावर येऊ देऊ नका, बेअरिंग खराब होतं. नकलचं भोक वायर ब्रशने चकचकीत करा, तिथे अँटी-सीझचा (गंजून चिकटू न देणारा लेप) पातळ थर द्या. नव्या पत्र्याच्या कडा आणि भोकं बसवण्याआधी रंगवून घ्या, गंज तिथूनच धरतो. पत्र्याच्या पाठीमागे गंजाचा एकही पापुद्रा राहिला तर हब तिरका बसतो आणि रोटर डुलतो. हबचे बोल्ट १८० न्यूटन-मीटर, चाकाचे नट १९०.

हब हातात असताना एबीएस सेन्सरची बैठकही बघा. सेन्सरखाली गंज फुगतो, सेन्सर वर उचलला जातो आणि अगदी हळू थांबताना एबीएस विनाकारण चालू होतं. जनरल मोटर्सने २००५ मध्ये मीठ वापरणाऱ्या राज्यांतल्या १९९९ ते २००२ च्या ट्रकसाठी याच कारणाने रिकॉल काढला होता. तुमचा २००३ चा त्यात नाही, पण लक्षणं दिसली तर उपाय तोच: सेन्सर काढून बैठक धातू दिसेपर्यंत घासणे.

आता मागचे. इथे रोटरच्या मधल्या टोपीत छोटा ड्रम असतो आणि त्यात हँडब्रेकचा शू (ड्रमला आतून दाबणारी पट्टी) बसतो. तो शू ज्या क्लिपने धरलेला असतो ती क्लिप याच पत्र्यावर आहे. म्हणजे हा पत्रा नसून बॅकिंग प्लेट आहे. ती कापली तर शूला धरायला काही उरत नाही, तो ड्रमच्या आत भटकतो, तिरका होऊन अडकतो आणि वाईट दिवशी चाक जाम करतो. नुसती बाहेरची किनार सडली असेल तर तेवढीच कापा. शूच्या क्लिपजवळ किंवा चार बोल्टांच्या भोवती भोकं पडली असतील तर प्लेट बदलणे एवढाच मार्ग, आणि त्यासाठी एक्सल शाफ्ट बाहेर काढावा लागतो.

काम अवघड नाही, घाणेरडं आहे. ट्रक जॅक स्टँडवर, पुढच्या चाकांना अडण, हँडब्रेक सोडलेला. डिफरन्शियलचं (मागच्या एक्सलच्या मध्यावरचा गिअरांचा डबा) कव्हर उघडून तेल गाळा. पिनियन शाफ्टचा (आतल्या छोट्या गिअरांचा दांडा) लॉक बोल्ट काढताना घाई नको, तो तुटण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. नीट बसणारा सहा कोनांचा सॉकेट वापरा आणि बसवताना नवा बोल्ट थ्रेड लॉकरसह (आटे सैल होऊ न देणारा डिंक) घाला. पिनियन शाफ्ट बाहेर सरकवा, एक्सल आत ढकला, सी-क्लिप (एक्सलचं आतलं टोक अडवणारी सी आकाराची चकती) पडेल, मग एक्सल सरळ बाहेर ओढा. पिनियन शाफ्ट बाहेर असताना चाक किंवा एक्सल फिरवू नका, आतले छोटे गिअर जागा सोडतात. ग्लव्हबॉक्समधल्या स्टिकरवर जी-८० लिहिलं असेल तर लॉकिंग डिफरन्शियल (एक चाक घसरलं की दोन्ही चाकं एकत्र जोडणारं) आहे. त्यात एक्सलच्या टोकांमध्ये थ्रस्ट ब्लॉक नावाचा ठोकळा असतो, पिनियन शाफ्ट अर्धाच बाहेर ओढतात आणि सी-क्लिपचं उघडं तोंड ब्लॉकच्या रेषेत आणावं लागतं. जोर लावण्याआधी मॅन्युअलमधली ती आकृती बघाच.

एक्सल बाहेर आहेच तर तेलाचा सील नवा टाका. बेअरिंग फिरतं त्या जागी एक्सलवर नखाला लागेल अशी खाच असेल तर नुसता सील बदलून उपयोग नाही, गळती परत येईल. तेल ७५डब्ल्यू-९० सिंथेटिक, भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत. जी-८० असेल तर लिमिटेड स्लिपचं अ‍ॅडिटिव्ह घालू नका, लॉकर पकडायचा थांबतो. शेवटी शू इतकाच बाहेर घ्या की रोटर चढवताना जेमतेम स्पर्श व्हावा आणि चढल्यावर हाताने मोकळा फिरावा. जास्त घट्ट ठेवलात तर नवी लायनिंग पहिल्याच लांब फेरीत जळते.