हॅलोजनच्या हेडलाइटमध्ये एलईडी टाकू का?

प्रश्न: माझी जुनी हॅचबॅक आहे, हेडलाइटला एच४ हॅलोजन. कामावरून रात्री इगतपुरीहून नाशिकला येतो, पावसात रस्ताच दिसत नाही. सगळीकडे एलईडी टाकायचं चाललंय. इंडिकेटरला टाकले तर ते एकदम फास्ट टिकटिकायला लागले, असं का?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर: आधी इंडिकेटर. साधा बल्ब २१ वॉटचा, एलईडी घेतो जेमतेम दोन-तीन, मग फ्लॅशरला (इंडिकेटरची उघडझाप करणारा भाग) वाटतं बल्ब उडाला आणि तो घाई करतो. एलईडीला चालणारा फ्लॅशर रिले टाका. रेझिस्टरनेही (जादा करंट खाणारा भाग) काम भागतं, पण तो सणसणीत तापतो, वायरला टेकू देऊ नका.

हेडलाइटला मात्र नकोच, आणि हे मी अगदी कळकळीने सांगतोय. एच४ बल्ब नीट बघा (काचेला बोट लावू नका), आत दोन फिलामेंट (तापून उजळणाऱ्या तारा) दिसतील, एक अपरचं, म्हणजे लांबच्या उजेडाचं, एक डिपरचं, म्हणजे जवळच्या खाली वळलेल्या उजेडाचं; डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची छोटीशी वाटी. त्या वाटीमुळे डिपरचा उजेड वर उडत नाही, आणि रिफ्लेक्टरचा सगळा आकार फिलामेंटच्या नेमक्या जागेवर बेतलेला असतो. एलईडीच्या चिपा सपाट, दोन बाजूंना, त्या थोड्या जरी सरकल्या तरी फोकस फुटतो. दुकानासमोरच्या भिंतीवर पांढराशुभ्र उजेड बघून भारी वाटतं, पण रस्त्यावर तो गाडीपुढे जवळच सांडतो, उरलेला समोरच्याच्या डोळ्यात, आणि लांबचा खड्डा अंधारातच राहतो. इगतपुरी-घोटीकडच्या धुक्यात तर वर उडालेला उजेड धुक्यावर आपटून आपल्याच तोंडावर येतो! शिवाय एलईडी बल्बच्या मागे फॅन असल्याने बऱ्याचदा हेडलाइटचं रबरी कव्हर नीट बसत नाही, मग आत पाणी.

तुमचा उजेड कमी का पडतो ते शोधा ना आधी. काच पिवळी पडली असेल तर पॉलिश करा. मग गाडी चालू ठेवून, लाइट लावून बॅटरीवर आणि हेडलाइटच्या कपलरवर (बल्बला लागणारा प्लग) व्होल्ट मोजायचा मीटर लावा, दोन्हींतला फरक म्हणजे वायरिंगमधली गळती; जुन्या वायरिंगमध्ये एक व्होल्ट जरी गळत असला तरी हॅलोजनचा जवळपास पाव उजेड जातो. रिले (छोट्या करंटवर चालणारा स्विच) टाकून थेट बॅटरीवरून जाड वायर घेतली, मध्ये फ्यूज टाकला, चांगल्या कंपनीचे ६०/५५ वॉटचे (अपर/डिपर) नवे बल्ब लावले आणि फोकस सेट करून घेतला की त्याच गाडीत फरक दिसेल. १००/९० वाले घेऊ नका, होल्डर वितळतात.

केबिन आणि नंबरप्लेटला एलईडी बिनधास्त टाका, लागला नाही तर काढून उलटा बसवा, त्याला प्लस-मायनस असतं.