दालमिलची चुनी आणि सोयाबीनची पेंड महिन्याभराच्या वासराला चालेल का?

तुम्ही विचारलंय की घराजवळच दालमिल आणि सोयाबीनचा प्लांट आहे, चुनी-पेंड स्वस्तात मिळते, तर महिन्याभराच्या संकरित वासरांचं दूध कमी करून तीच चालू करावी का? आम्ही लातूरकडचे. आमच्याकडेही हाच माल सगळ्यात जवळ आणि सगळ्यात स्वस्त. चुका करून झाल्यात, म्हणून सांगतो.

सोयाबीनची पेंड, म्हणजे आपण डीओसी म्हणतो ती, चालेल. चुनीवर मात्र प्रोटीनसाठी विसंबू नका. त्यात डाळीचा चुरा थोडा आणि टरफलच जास्त. गाय ते पचवते. महिन्याचं वासरू अजून नीट रवंथ करणारं जनावर झालेलंच नसतं, त्याचं मोठं पोट तयार व्हायला दोन-तीन महिने लागतात. तोवर ते जवळजवळ आपल्यासारखंच एका पोटाचं. गाईच्या पाटीतलं उरलंसुरलं त्याच्यापुढे सारायची आपली सवय इथेच नडते.

आम्हाला ती सरकीने नडली. दोन कालवडी आईच्या पाटीतली सरकी पेंड चाटायच्या, आम्हाला कौतुक वाटायचं की किती लवकर खायला लागल्या! दीड-दोन महिन्यांत केस राठ झाले, पोट सुटलं आणि गोठ्यातून अंगणापर्यंत पळाल्या तरी धाप लागायला लागली. डॉक्टरांनी सुई काढायच्या आधी पाटीत हात घातला आणि विचारलं, "सरकी खातात का ह्या?" सरकीत गॉसिपॉल नावाचं विष असतं. मोठ्या गाईच्या पोटात त्यातलं बरंचसं बांधलं जातं, वासराच्या पोटात ती सोय नसते, मग ते हृदयावर आणि यकृतावर बसतं. सरकी बंद केल्यावर एक सुधारली. दुसरी खुरटीच राहिली.

डीओसीत साधारण 44 ते 48 टक्के प्रोटीन असतं. पण ती नीट भाजलेली पाहिजे. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रोटीन पचू न देणारा घटक असतो, तो उष्णतेनेच मोडतो. पेंड कच्ची आहे का हे घरी बघता येतं. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत मूठभर डीओसी, चमचाभर युरिया आणि भिजेल इतकं कोमट पाणी घालून झाकण घट्ट लावा. वीस मिनिटांनी उघडून हुंगा. नाकात अमोनिया झणझणला तर पेंड कच्ची राहिलीय, वासराला नको. तपासलेला तो माल मात्र लगेच टाकून द्या, कोणत्याही जनावराच्या तोंडी जाऊ देऊ नका. (मी एका पोत्याला हे करून दाखवलं तेव्हा दुकानदाराने मुकाट पोतं बदलून दिलं.)

आमचं 100 किलोचं मिश्रण असं: मका भरडा 50, डीओसी 30, गव्हाचा कोंडा 10, हरभरा चुनी 7, मिनरल मिक्स्चर 2 आणि मीठ 1. प्रोटीन वीस टक्क्यांच्या आसपास बसतं. मक्याचा भरडा कमी करायचा मोह टाळा, धान्याच्याच आंबण्यातून पोटाचा आतला पापुद्रा वाढतो. दुसऱ्या आठवड्यापासून मूठभर कोरडं ठेवायचं, दूध पिऊन झालं की बोटाने थोडं तोंडाला लावायचं, आणि उरलेलं रोज काढून गाईला टाकायचं. शेजारी स्वच्छ पाणी हवंच, पाण्याशिवाय वासरू खुराक खात नाही.

पनीरवाल्याकडचं फुकटचं पाणी, निवळी, ह्याबद्दलही लोक विचारतात. त्यात लिटरला प्रोटीन दहा ग्रॅमही नसतं, बाकी पाणी आणि साखर. जास्त पाजलं की वासराला ढाळ लागते. शेंगदाणा पेंड प्रोटीनला चांगली, पण जुन्या मालात बुरशीचं विष असू शकतं आणि लहान जनावराला ते लवकर बाधतं. आम्ही ती वासरांपुढे ठेवतच नाही.

दूध तारीख बघून तोडू नका. वासरू सलग तीन दिवस रोज किलोभर खुराक खायला लागलं की मग कमी करायला घ्या. महिन्याच्या वासराचा एवढा खुराक क्वचितच होतो, म्हणून तुमच्या वासरांना अजून काही आठवडे दूध चालू राहू द्या.