फेरीवरची ती जागा आधी कोणाची होती?

तू विचारलंस ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे तुझ्यासारखे आणखी कोणी असतील त्यांनाही कळेल. तू गोव्यातल्या साखळीचा, वय २४. हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा, कळंगुटला दोन सीझन वेटर. म्हापशातला एक एजंट तुला इंग्लंड-फ्रान्स फेरीवर स्टुअर्डचं, म्हणजे प्रवाशांच्या सरबराईचं, काम देतो म्हणतोय. सलग चार महिने बोटीवर, रोज बारा तास, तासाला साडेपाच पाउंड, आणि त्याच्या हातात आधी दीड लाख. वडील चोडणच्या फेरीबोटीवर होते, त्यामुळे घरी कोणाला धास्ती वाटत नाही. जाऊ का, आणि पुढे इंग्लंडातच राहता येईल का, हे तुला हवंय.

मी डिचोलीचा. नऊ वर्षं क्रूझच्या गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात काढली, आता बरीच वर्षं केंटमध्ये आहे, डोव्हरच्या बंदरापासून बसने अर्ध्या तासावर. तुझ्या पत्रात साडेपाच पाउंड वाचलं आणि क्षणभर थांबलोच. तो आकडा इकडे बंदरावर सगळ्यांना पाठ आहे.

१७ मार्च २०२२, गुरुवार. पी अँड ओ फेरीज या इंग्लंड-फ्रान्स मार्गावर बोटी चालवणाऱ्या कंपनीने सकाळीच आपल्या बोटी बंदरात थांबवून ठेवल्या. मग खलाशांना एक आधीच रेकॉर्ड करून ठेवलेला व्हिडिओ दाखवला, जेमतेम तीन मिनिटांचा. आज तुमचा शेवटचा दिवस, तुमच्या जागी एजन्सीची माणसं येतील, एवढंच त्यात होतं. ७८६ माणसं एका दमात गेली. कित्येकांची वीस-वीस, तीस-तीस वर्षं त्याच मार्गावर झाली होती. धक्क्यावर खाजगी सुरक्षारक्षक उभे होते आणि नवी माणसं बसमध्ये बसून होती, जुनी उतरली की वर चढायला. हल बंदरात 'प्राइड ऑफ हल' बोटीच्या कप्तानाने गँगवे, म्हणजे बोटीवर चढायचा जिना, उचलून घेतला आणि कोणाला वर येऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी डोव्हरला निदर्शनं झाली, मीही जाऊन उभा राहिलो. बाजूला पन्नाशीची एक बाई होती, तिचा नवरा बोटीवर असायचा. ती काही बोलली नाही, मीही नाही.

आठवड्याने, २४ मार्चला, कंपनीचे मुख्याधिकारी पीटर हेबलथ्वेट संसदेच्या समितीपुढे आले. कायद्याने कामगार संघटनांशी आधी चर्चा करायला हवी होती हे त्यांनी मान्य केलं आणि आम्ही ती न करायचं ठरवलं असंही सांगितलं, कारण कोणतीच संघटना हे मान्य करणार नव्हती. नव्या माणसांना सरासरी किती, असं विचारल्यावर उत्तर आलं: तासाला साडेपाच पाउंड. त्या वेळी ब्रिटनमध्ये किमान वेतन होतं ८.९१ पाउंड.

हे कायद्यात कसं बसलं, ते तू नीट समजून घे, कारण तुझ्या हातात येणारा कागद याच पद्धतीचा असतो. बोटींवर झेंडे होते सायप्रस, बहामा, बर्म्युडा यांचे, म्हणजे बोटींची नोंदणी त्या देशांत. बोट एका देशाची, झेंडा दुसऱ्याचा, करार तिसऱ्या देशातल्या एजन्सीशी. परदेशी झेंड्याची बोट दोन देशांमधल्या मार्गावर चालली की ब्रिटनचं किमान वेतन तिच्यावर लागू नव्हतं. म्हणून डोव्हरच्या धक्क्यावर ट्रक लावणाऱ्याला एक दर आणि शंभर पावलांवर बोटीच्या पोटात तोच ट्रक साखळीने बांधणाऱ्याला दुसरा दर. पुढे ऑगस्टमध्ये तिथल्या सरकारी यंत्रणेने जाहीर केलं की फौजदारी खटला भरणार नाही. कंपनीने भरपाईपोटी ३ कोटी ६५ लाख पाउंड ठेवले होते, बहुतेकांनी सही करून आपला वाटा घेतला. घर चालवायचं असतं. त्यांना दोष देणारा मी कोण?

आणि हे पहिल्यांदा घडलं नव्हतं. आयरिश फेरीजने २००५ मध्ये ५४३ खलाशांच्या जागी पूर्व युरोपातून माणसं आणायचं ठरवलं होतं, तासाला ३.६० युरोवर, आणि झेंडा सायप्रसचा. वेल्समधल्या पेम्ब्रोकला त्यांच्या एका बोटीवरच्या अधिकाऱ्यांनी स्वतःला इंजिनच्या नियंत्रण खोलीत कोंडून घेतलं. त्या डिसेंबरात डब्लिनच्या रस्त्यावर प्रचंड मोर्चा निघाला. तरी झेंडा बदललाच.

आता तुझा हिशेब. रोज बारा तास, महिन्याचे ३६० तास, साडेपाचच्या दराने १९८० पाउंड. रुपयांत २ लाखांच्या वर जातात. साखळीत बसून हा आकडा बघितला की कोणाचीही झोप उडेल, माझीही उडाली असती. कळंगुटला तुला काय मिळतं ते मला माहीत आहे. म्हणून 'शोषण होतंय, जाऊ नकोस' असं कोरडं सांगून मी मोकळा होणार नाही. पण हा पगार बोटीवर असेपर्यंतचाच. उतरलास की पगार बंद, आणि पुढचा कॉल कधी येईल ते एजन्सीच्या मर्जीवर. जुन्या खलाशांना घरी असतानाही पगार चालू असायचा. तो वर्षाचा हिशेब मांड, मग बघ किती उरतात. दीड लाख त्यातूनच वजा कर.

आमच्या माणसांचा या बोटींशी संबंध आजचा नाही. इंग्रजांच्या काळात पी अँड ओच्या प्रवासी बोटींवर भटारखान्यात आणि प्रवाशांच्या जेवणाच्या सलूनमध्ये गोव्याची माणसं असायची, आणि हिंदुस्थानी खलाशांचे करार वेगळे, पगार गोऱ्या खलाशाच्या काही हिश्श्याने. माझे चुलते मुंबईला गिरगावात खोली घेऊन बोटीच्या कॉलची वाट बघत राहायचे. तेव्हाही स्वस्त म्हणूनच घ्यायचे. ज्या कारणाने तुला घेतात तेच कारण उद्या तुला काढायला पुरतं, तुझ्याहून स्वस्त कोणी मिळालं की झालं.

दोन वर्षांपूर्वी इथल्या खलाशांच्या विसाव्याच्या जागी वेंगुर्ल्याचा एक मुलगा भेटला. कंपनीचं नाव लिहीत नाही. मराठी ऐकून त्याचे डोळे भरून आले. तिसरा महिना चालू होता. दीड तासाची खाडी, बोट धक्क्याला लागली की तासाभरात साफसफाई, पुन्हा प्रवासी, पुन्हा सुटायचं. खोल समुद्रातल्या मालवाहू बोटीवर निदान लांबची सफर असते, झोपेला सलग वेळ मिळतो. फेरीवर रात्रीतून दोनदा-तीनदा दारं उघडतात, गाड्यांची धडधड कानात बसते. कोणाच्या जागेवर आलो हे आपल्याला मोबाइलवर वाचून कळलं, असं तो म्हणाला, आणि म्हणाला, "दादा, कॅन्टीनमध्ये एक जुना माणूस माझ्याकडे बघायचापण नाही." त्या मुलाची चूक नव्हती. त्या जुन्या माणसाचीही नव्हती.

थकव्याला किरकोळ समजू नकोस. १९८७ मध्ये बेल्जियमच्या झेब्रुगे बंदरातून डोव्हरला निघालेली 'हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज' ही फेरी पुढचं दार उघडं राहिल्यामुळे काही मिनिटांत कलंडली, १९३ माणसं गेली. दार बंद करायचं काम ज्याचं होतं तो आपल्या खोलीत झोपला होता. २०२२ मध्ये नवी माणसं चढवल्यावर तिथल्या किनारा सुरक्षा यंत्रणेने पी अँड ओच्या बोटी एकामागून एक अडकवून ठेवल्या: उत्तर आयर्लंडमधल्या लार्नला 'युरोपियन कॉजवे', डोव्हरला 'प्राइड ऑफ केंट', मग 'स्पिरिट ऑफ ब्रिटन'. माणसांना बोटीची ओळखच पुरती झालेली नव्हती. संकटात प्रवाशांना बाहेर काढायची जबाबदारी स्टुअर्डवरही असते, हे लक्षात ठेव.

आता एजंटाच्या ऑफरकडे ये. त्यातच मला खोट दिसते. पी अँड ओच्या प्रकरणानंतर ब्रिटनने २०२३ मध्ये खलाशांच्या वेतनाचा कायदा केला, तो डिसेंबर २०२४ पासून लागू आहे. वर्षात १२० वेळा किंवा जास्त ब्रिटिश बंदरात येणाऱ्या बोटीवर, त्यांच्या हद्दीतल्या पाण्यात जेवढे तास काम होईल तेवढ्याला किमान वेतनाइतका पैसा द्यावा लागतो, आणि ते वेतन आज १२ पाउंडांच्या वर आहे. फ्रान्सनेही २०२३ मध्ये खाडीवरच्या फेऱ्यांसाठी कायदा केला: किमान वेतन, आणि बोटीवर जितका काळ तितकीच किनाऱ्यावर विश्रांती. मग सगळ्या तासांना साडेपाच आणि चार महिने सलग म्हणणारा माणूस एकतर जुना कागद दाखवतोय, किंवा मार्ग वेगळाच आहे, किंवा नोकरीच नाही. त्याला बोटीचं नाव विचार. नुसतं 'फेरी' म्हणाला तर उठून ये.

दीड लाख तर देऊच नकोस. आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करार भारताने २०१५ मध्ये मान्य केला आहे आणि आपल्याकडचे भरतीचे नियमही तेच सांगतात: खलाशाकडून नोकरीचे पैसे घ्यायचे नाहीत. पासपोर्ट, सीडीसी म्हणजे खलाशाचं ओळखपुस्तक, ठरलेली वैद्यकीय तपासणी, एवढाच तुझा खर्च. एजंटाकडे डीजी शिपिंगचा, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाज खात्याचा, आरपीएसएल हा खलाशी भरतीचा परवाना लागतो. त्याचा नंबर माग आणि डीजी शिपिंगच्या साइटवर स्वतः ताडून बघ, त्याने मोबाइलवर दाखवलेला फोटो नको. मी पहिल्या वेळी मुंबईत एका एजंटाला आईच्या बांगड्या मोडून पैसे दिले होते. बोट मिळाली, पण कागदावर लिहिलेला पगार कधीच हातात आला नाही, आणि तक्रार करायला गेलो तर ऑफिसला कुलूप. तो विषय काढला की आजही आई गप्प होते.

करार आला तर आधी ही ठिकाणं वाच: मालक म्हणून कोणाचं नाव आहे, झेंडा कोणत्या देशाचा, घरी परतायचं तिकीट कोण देणार, जादा तासांचा दर, आणि करार मधेच मोडला तर काय. विश्रांती २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात ७७ तास, हा तुझा हक्क आहे. तासांच्या वहीवर कोऱ्या जागी सही कधीच करू नकोस. तुझे खरे तास रोज स्वतःच्या डायरीत लिही. नुसी या भारतीय खलाशांच्या युनियनचं सभासदत्व जाण्याआधी घे. त्यांची अकादमी चिखलीला, वास्कोजवळच आहे, तिथे जाऊन बेसिक कोर्सबद्दल आणि एजंटाबद्दल, दोन्ही विचार.

तिथेच राहण्याचं म्हणशील तर त्या वाटेने नाही. बोटीवरचा खलाशी हा इंग्लंडचा रहिवासी धरला जात नाही, कितीही वेळा डोव्हरला उतरलास तरी. मी पोर्तुगीज पासपोर्टवर आलो, पण ब्रेक्झिटच्या आधी. ३१ डिसेंबर २०२० नंतर तो पासपोर्ट इंग्लंडात राहायला पुरत नाही, आणि घेतलास तर भारतीय नागरिकत्व जातं, हेही कोणी तुला सांगणार नाही.

बोटीवर जाऊच नकोस असं मी म्हणत नाही. तुझं शिक्षण आहे, वय आहे. परवानाधारक कंपनीकडून क्रूझवर गेलास तर काम कष्टाचंच, पण करार निदान वाचता येण्यासारखा असतो. यंदाची गणपतीची चवथ घरी कर, मूर्तीवरची फळापानांची माटोळी बांधायला वडिलांना मदत कर, आणि त्यांना विचार की खात्याच्या नोकरीत पगाराबरोबर आणखी काय काय होतं: रजा, पेन्शन, संध्याकाळी घर. ते ऐकून मग ठरव.

एजंटाने बोटीचं नाव आणि परवान्याचा नंबर दिला की दोन्ही मला पाठव, कराराच्या पहिल्या पानाचा फोटोही. तुझ्या घड्याळात रात्री साडेदहानंतर मी मोकळा असतो. तोवर त्याला एक रुपयाही देऊ नकोस, आणि मूळ पासपोर्ट त्याच्याकडे ठेवायला दिला असशील तर उद्याच जाऊन परत आण.