जळजळलं म्हणजे काम झालं का?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. माझं वय ३४. वर्षभर मी १० टक्के ग्लायकोलिक ॲसिडचं एक सीरम आठवड्यातून तीनदा लावत होते, कधी काही त्रास झाला नाही. ते संपल्यावर दुसऱ्या कंपनीचं आणलं, तेही १० टक्केच. पहिल्याच रात्री चेहरा चरचरला. मैत्रीण म्हणाली, ‘जळजळतंय म्हणजे काम करतंय. आधीचं पाणचट असणार.’ म्हणून रोज लावायला लागले. आठवडाभर चेहरा छान चकाकत होता. आता तीन आठवडे झालेत. चेहरा ओढल्यासारखा वाटतो, साधं मॉइश्चरायझरही झोंबतं आणि गालांच्या हाडांवर तपकिरी डाग आलेत. आधीची बाटली बनावट होती का? आणि हे डाग घालवायला आता कुठलं ॲसिड लावू?

उत्तर: शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण घाई त्याचीच आहे. कुठलंही लावू नका. आज रात्रीपासून ॲसिड बंद. घरात व्हिटॅमिन सीचं सीरम, रेटिनॉल, स्क्रब असेल तर तेही बंद. फेस न होणारं सौम्य क्लेन्झर, ग्लिसरीन किंवा सिरामाइड असलेलं बिनवासाचं जाडसर मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन, एवढंच ठेवा. मॉइश्चरायझर झोंबायचं थांबलं, की त्यानंतरही दोन आठवडे हाच नेम चालू द्या. चार दिवसांत बरं वाटतं, लोक लगेच पुन्हा बाटली उघडतात, आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. पाणी सुटलं, सूज आली किंवा खपल्या धरल्या, तर मात्र वाट न पाहता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

तुमच्या मैत्रिणीचं वाक्य मी ओपीडीत इतक्यांदा ऐकलंय, की या महिन्याचं सदर त्यालाच द्यायचं ठरवलं.

त्वचेच्या सगळ्यात वरच्या थराला शृंगस्तर म्हणतात. चेहऱ्यावर त्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास. त्यात चपट्या, मेलेल्या पेशींचे पापुद्रे एकावर एक रचलेले असतात आणि या पेशी प्रथिनांच्या अतिसूक्ष्म टाचण्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. त्वचेची स्वतःची विकरं (एन्झाइम्स) रोज त्यातल्या थोड्या टाचण्या कापतात, मग वरचा पापुद्रा आपल्या नकळत झडून जातो. तरुणपणी खालची नवी पेशी वर येऊन झडायला साधारण चार आठवडे लागतात, वय वाढतं तसा हा काळ लांबत जातो. टाचण्या वेळेवर कापल्या गेल्या नाहीत, की मेलेले पापुद्रे साचतात आणि चेहरा निस्तेज, खरखरीत दिसतो.

ग्लायकोलिक, लॅक्टिक, मँडेलिक ही अल्फा हायड्रॉक्सी गटातली ॲसिडं काय करतात, तर या टाचण्यांची पकड ढिली करतात. पकड टिकायला कॅल्शियम लागतं आणि ॲसिड ते ओढून घेतं, असा त्याचा एक खुलासा दिला जातो. म्हणजे नीट वापरलेलं ॲसिड त्वचा जाळतही नाही आणि खरवडतही नाही. झडायला आलेल्या पेशींची गाठ तेवढी सोडवतं. १९७४ मध्ये व्हॅन स्कॉट आणि यू या दोन संशोधकांनी ही ॲसिडं इक्थिओसिसच्या रुग्णांवर वापरून पाहिली. या आजारात अंगावर माशाच्या खवल्यांसारखे पापुद्रे जमतात. त्या माणसांची त्वचा मऊ झाली. आज चेहऱ्याच्या चमकेसाठी विकल्या जाणाऱ्या या बाटल्यांची सुरुवात त्या आजारी माणसांपासून झालेली आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आता जळजळ. वेदना जाणवणारे मज्जातंतू मेलेल्या थरात नसतात, त्याखालच्या जिवंत थरात असतात. चरचरलं, याचा अर्थ ॲसिड तिथवर भराभर पोहोचलं. काम किती झालं, याचं ते माप नाही. पहिल्या आठवड्यातली चकाकी खरी होती. पापुद्रे गेले, पृष्ठभाग गुळगुळीत झाला, प्रकाश सरळ परावर्तित व्हायला लागला. पण त्यानंतर रोज नव्या टाचण्या सुटत राहिल्या. जो थर तुमच्या त्वचेतलं पाणी आत धरून ठेवतो, त्यालाच भगदाडं पडली. म्हणून ओढल्यासारखं वाटतं, म्हणून मॉइश्चरायझर झोंबतं.

आधीची बाटली बनावट असेल असं मला वाटत नाही. गोम पीएचमध्ये असावी. पीएच म्हणजे द्रावण किती आंबट आहे ते सांगणारा आकडा, तो जितका कमी तितकं ते जास्त आंबट. पाण्यात ग्लायकोलिक ॲसिड दोन रूपांत असतं: मुक्त ॲसिड आणि त्याचं क्षाररूप. त्वचेत सहज शिरतं ते मुक्त ॲसिड. पीएच ३.८ च्या जवळ असेल, तर दोन्ही रूपं निम्मी-निम्मी असतात. म्हणजे १० टक्क्यांतलं ५ टक्के कामाचं. पीएच फक्त एकाने वाढवून ४.८ केला, की मुक्त ॲसिड उरतं जेमतेम १ टक्का. लेबल दोन्हींवर एकच, १० टक्के, आणि प्रत्यक्ष जोरात पाचपट फरक. सोबत कुठले घटक आहेत, यानेही फरक पडतो. पण पीएच पाहिल्याशिवाय टक्क्यांवर विश्वास ठेवू नका, हे मी माझ्या प्रत्येक रुग्णाला सांगते. टेबलाच्या खणात पीएच पट्ट्यांची डबी असते, रुग्णांनी आणलेल्या पातळ सीरमचा थेंब मी त्यांच्यासमोरच पट्टीवर टाकते. रंग बदलताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, की माझ्या दहा वाक्यांची गरज उरत नाही. अमेरिकेत सौंदर्यप्रसाधनांचे घटक तपासणाऱ्या तज्ज्ञमंडळाने १९९८ मध्ये घरगुती वापरासाठी ग्लायकोलिक आणि लॅक्टिक ॲसिडची मर्यादा सांगितली, तेव्हा दोन आकडे जोडीनेच दिले होते: प्रमाण १० टक्क्यांपर्यंत आणि पीएच ३.५ च्या खाली नाही.

हे मी अंगावर घेऊन शिकले आहे. शिकत असताना दोन बाटल्यांतलं ३० टक्के ग्लायकोलिक डाव्या हातावर, कोपराच्या खाली, शेजारी शेजारी लावलं होतं. तीन मिनिटं ठेवलं. एका चौकोनात काहीच झालं नाही, दुसरा लालबुंद झाला. लाली दोन दिवसांत गेली. त्या जागी उमटलेला तपकिरी चौकोन मात्र चार महिने माझ्याबरोबर होता. तुमच्या गालावरचे डाग त्याच जातीचे वाटतात. त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी जितक्या तत्पर, तितकी साधी जळजळही मागे रंग ठेवून जाते. म्हणून सावळ्या आणि गव्हाळ त्वचेला सौम्य ॲसिड, मोठं अंतर आणि धीर लागतो. हे डाग वरवरचे असतील तर आपोआप फिकट होतील, पण त्याला काही महिने द्यावे लागतील. ऊन मात्र त्यांना गडद करतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सांगितलेल्या एका अभ्यासात १० टक्के ग्लायकोलिक, पीएच ३.५, चार आठवडे लावल्यावर अतिनील किरणांनी लाल होण्याची त्वचेची प्रवृत्ती १८ टक्क्यांनी वाढली होती. लावणं थांबवून एक आठवडा झाल्यावर हा फरक उरला नाही. म्हणून ॲसिड नेहमी रात्री, आणि सकाळी किमान एसपीएफ ३० चं सनस्क्रीन. दोन बोटांवर लांबभर काढाल तेवढं चेहऱ्याला आणि मानेला लागतं, बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. डागांसाठी आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन जास्त चांगलं, कारण ते दृश्य प्रकाशही अडवतं आणि आपल्या रंगाच्या त्वचेत तोही डाग गडद करतो.

त्वचा पूर्ण शांत झाल्यावर पुन्हा सुरू करायचंच असेल, तर जुनंच सीरम आणा. आठवड्यातून एकदा, कोरड्या चेहऱ्यावर, वरून मॉइश्चरायझर. महिनाभर काही झालं नाही तर दोनदा. तुमचं वर्षभर छान चाललं होतं, त्याहून जास्त काही मिळवायची मला गरज दिसत नाही.

प्रश्न: मॅडम, मी १९ वर्षांचा आहे. चेहरा तेलकट, नाकावर ब्लॅकहेड्स, कपाळावर बारीक पुरळ. रोज स्क्रबने घासतो तरी जात नाहीत. ग्लायकोलिक घेऊ की सॅलिसिलिक? आणि ॲसिड लावल्यावर आधी पुरळ वाढतं असं म्हणतात, ते खरं का?

उत्तर: आधी स्क्रब ठेवून दे. ब्लॅकहेड म्हणजे मळ नाही. छिद्रात तेल आणि मेलेल्या पेशींचा खिळा बसतो, त्याचं उघडं तोंड हवेने आणि मेलॅनिनने काळं दिसतं. घासून तो निघत नाही, उलट आजूबाजूची त्वचा सोलवटते आणि पुरळ चिघळतं.

तुझ्यासाठी सॅलिसिलिक. ग्लायकोलिक पाण्यात विरघळतं, त्यामुळे त्याचा वावर जास्त करून पृष्ठभागावर. सॅलिसिलिक तेलात विरघळतं, म्हणून तेलाने भरलेल्या छिद्रात उतरून खिळा आतून सैल करतं. शिवाय ते थोडी सूजही कमी करतं. अर्धा ते दोन टक्के पुरेत. एक दिवसाआड रात्री, सगळ्या चेहऱ्याला पातळ थर, फक्त दिसणाऱ्या पुटकुळीवर नाही. आठ ते बारा आठवडे दे. ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल तर हात लावू नकोस, दोघांचं रसायन जवळचं आहे.

नाकावरचे सगळे ठिपके ब्लॅकहेड नसतात, हेही सांगते. करड्या रंगाचे, एकसारखे, दाबल्यावर बारीक धागा निघणारे ठिपके ही छिद्रांची नेहमीची रचना आहे. ती काढली तरी पुन्हा भरते. त्यांच्याशी भांडू नकोस.

पुरळ वाढण्याबद्दल: नेहमीच्याच जागी थोडं पुरळ लवकर वर आलं आणि काही आठवड्यांत ओसरलं, तर काळजी नको. पण कधीच पुरळ न येणाऱ्या जागी आलं, खाज सुटली, त्वचा लाल होऊन सोलली, तर ती ‘सफाई’ नाही, त्वचा नको म्हणते आहे. बंद कर. मोठ्या, दुखऱ्या गाठी येत असतील तर ॲसिडवर महिने घालवू नकोस. त्यांचे वण राहतात, औषधं लवकर सुरू करावी लागतात.

प्रश्न: पाचवा महिना चालू आहे. दोन टक्के सॅलिसिलिकचा फेसवॉश वापरला तर बाळाला काही होईल का?

उत्तर: लावून लगेच धुऊन टाकायच्या फेसवॉशमधून अंगात फार थोडं शिरतं, तो चालेल. पार्लरमधलं सॅलिसिलिक पील आणि अंगभर लावून ठेवायची सॅलिसिलिकची क्रीमं मात्र आत्ता नकोत. ट्रेटिनॉइन, ॲडापेलिन, रेटिनॉल या रेटिनॉइड गटातल्या औषधांपैकी काही लावत असाल तर आजच थांबवा आणि पुढच्या तपासणीत डॉक्टरांना तसं सांगा. मुरमं आणि डाग दोन्हींसाठी ॲझेलेइक ॲसिड गरोदरपणात वापरता येतं, पण तेही तुमच्या डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. फेसवॉशची बाटली त्यांना दाखवायला घेऊन जा, नुसतं नाव सांगू नका. एकाच नावाखाली दोन-तीन वेगवेगळे फेसवॉश मिळतात.