अँप्लिफायर सुरूच होत नाही: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गणपती जवळ आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच तक्रारीची असतात: बटण दाबले, पण यंत्र सुरूच होत नाही. या वेळी रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांतील पाच पत्रे घेतली आहेत. उत्तरांत जिथे पेटी उघडण्याचा उल्लेख आहे, तिथे ते काम जाणत्या कारागिराचे आहे असे समजावे. घरगुती २३० व्होल्टचा पुरवठा थेट एकदिश (एकाच दिशेने वाहणारा, म्हणजे डीसी) केला की सुमारे ३२५ व्होल्ट होतो आणि प्लग काढल्यावरही तो वीज साठवणाऱ्या मोठ्या कंडेन्सरमध्ये काही काळ टिकून राहू शकतो.

प्रश्न: आमच्या भजनी मंडळाचा जुना अँप्लिफायर वर्षभर माळ्यावर असतो. यंदा तो खाली काढून लावला, तर लाल दिवासुद्धा लागला नाही. फ्यूज गेला होता म्हणून नवा घातला, तोही बटण दाबताच उडाला. फ्यूजच्या जागी तांब्याची तार लावावी असे गावातील एका जाणत्याचे म्हणणे आहे. तसे करावे का? (एक वाचक, देवगड तालुका)

उत्तर: तार मुळीच लावू नये. आज जो दोष कदाचित एखाद्या डायोडपुरता आहे, तो तारेमुळे ट्रान्सफॉर्मरपर्यंत पोहोचेल, आणि ट्रान्सफॉर्मरचे वाइंडिंग जळाले तर जुन्या अँप्लिफायरची दुरुस्ती सहसा परवडत नाही.

आधी उडालेला फ्यूज उजेडात धरून पाहावा. काचेच्या नळीतील तार मधोमध नुसती तुटलेली असेल आणि काच स्वच्छ असेल, तर फ्यूजवर क्षमतेपेक्षा थोडासाच जास्त भार आला होता किंवा तो जुना झाला होता. काच आतून काळी पडली असेल किंवा तिला चंदेरी मुलामा चढल्यासारखा दिसत असेल, तर आत थेट शॉर्ट आहे आणि आणखी फ्यूज घालून पाहणे व्यर्थ आहे. नव्या फ्यूजच्या टोपणावरील अक्षरही वाचावे. ‘टी’ म्हणजे सावकाश वितळणारा आणि ‘एफ’ म्हणजे चटकन वितळणारा. मोठा ट्रान्सफॉर्मर चालू होताना क्षणभर पुष्कळ प्रवाह ओढतो, म्हणून अशा अँप्लिफायरला बहुधा ‘टी’ फ्यूज लागतो; तितक्याच अँपियरचा ‘एफ’ फ्यूज बसवला, तर यंत्र निर्दोष असूनही तो उडू शकतो. तालुक्याच्या दुकानात फ्यूज मागताना आपण केवळ अँपियर सांगतो आणि अक्षर सांगायचे राहून जाते, हे नेहमीचेच आहे.

मंडळांकडे असणारे बरेचसे अँप्लिफायर घरच्या विजेवर आणि १२ व्होल्टच्या बॅटरीवर, असे दोन्हींवर चालतात. आपल्या अँप्लिफायरच्या मागे बॅटरीची लाल-काळी टर्मिनल्स असतील, तर विजेचा प्लग काढून ठेवावा आणि धन-ऋण टोके नीट तपासून बॅटरी जोडावी. बॅटरीवर आवाज आला, तर पुढचा सारा भाग शाबूत आहे आणि दोष ट्रान्सफॉर्मर, त्यामागचा रेक्टिफायर (वीज एकदिश करणारा भाग) किंवा विजेची वायर एवढ्यातच शोधायचा आहे. बॅटरीवरही तो सुरू झाला नाही आणि बॅटरीच्या बाजूचा फ्यूज उडाला, तर आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाले असण्याची शक्यता मोठी. एवढे सांगितले तरी कारागिराचा अर्धा वेळ वाचतो.

आता माळ्याविषयी. माझ्या मते आपल्या किनाऱ्यावर ध्वनियंत्रे वापरून जितकी बिघडतात, त्याहून अधिक न वापरता ठेवल्याने बिघडतात. समुद्रावरून येणारे मिठाचे सूक्ष्म कण पेटीच्या जाळीतून आत जाऊन सर्किटवर बसतात. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतील ओलावा शोषून स्वतःच विरघळू लागते, आणि कोकणात पावसाळ्याचे चार महिने आर्द्रता बहुतेक वेळ त्याहून जास्तच असते. त्यामुळे पाण्याचा एक थेंबही न पडता आत खाऱ्या पाण्याचा पातळ थर तयार होतो. तो वीज वाहून नेतो आणि तांबे हिरवे पाडतो. यंत्र चालू असते तेव्हा त्याच्या उबेने हा ओलावा उडून जातो, माळ्यावरच्या यंत्राला ती ऊब मिळत नाही. त्यात जाळीतून शिरलेल्या मुंग्या आणि कुंभारमाशीची मातीची घरटी आली की ओल धरून ठेवायला आणखी आधार मिळतो.

म्हणून अँप्लिफायर उघडून साफ करून घ्यावा, दोन दिवस कोरड्या, हवेशीर खोलीत ठेवावा (भर उन्हात नको), आणि कारागिराला तो थेट न लावता सिरीज बल्बमधून लावायला सांगावे. १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा फिलामेंटचा बल्ब वाटेत असला, तर शॉर्ट असताना बल्ब लख्ख पेटून राहतो आणि अँप्लिफायर वाचतो. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला, तर शॉर्ट नाही. या कामाला एलईडी बल्ब चालत नाही. दीर्घकाळ न वापरलेल्या कंडेन्सरमधील ऑक्साइडचा थर पातळ होतो आणि दाब हळूहळू वाढवल्यास तो पुन्हा जमतो, हाही या पद्धतीचा एक फायदा आहे. पुढच्या वर्षी मात्र यंत्र माळ्यावर न टाकता मंडळातील कुणाच्या तरी घरी राहू द्यावे आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा अर्धा तास चालवावे.

प्रश्न: आमची सदनिका रत्नागिरीत समुद्राजवळ आहे. होम थिएटरचा रिसीव्हर चालू केला की आत ‘टक्’ असा आवाज होतो, दिवा लागतो आणि काही सेकंदांत सर्व बंद होते. वीजपुरवठ्याचा भाग बदलावा लागेल का? (एक वाचक)

उत्तर: बहुधा नाही. दिवा लागतो आणि रिलेचा (आतील विजेवर चालणाऱ्या स्विचचा) ‘टक्’ आवाज येतो, याचा अर्थ वीज आतपर्यंत पोहोचते आहे. रिसीव्हर स्वतःची तपासणी करून प्रोटेक्शनमध्ये, म्हणजे दोष आढळल्याने आपणहून बंद होण्याच्या अवस्थेत, जात आहे. प्लग काढून मागील सर्व स्पीकरच्या वायरी सोडवाव्यात आणि एकही स्पीकर नसताना तो चालू करावा. चालू राहिला, तर वायर किंवा स्पीकर दोषी आहे. किनाऱ्याजवळच्या घरांत स्पीकर वायरीची उघडी टोके हिरवी, ठिसूळ होतात आणि त्यांतील एखादी सुटलेली काडी शेजारच्या टर्मिनलला टेकते. तेवढे कारण पुरते. टोके कापून नवी सोलावीत आणि एकेक स्पीकर जोडत जावे. प्रत्येक जोडणीपूर्वी प्लग काढायला विसरू नये. स्पीकरशिवायही तो बंद होत असेल, तर आउटपुटवर डीसी येत असण्याची शक्यता आहे. मग स्पीकर पुन्हा जोडून पाहू नये, ते जळतील.

पत्रासोबतच्या छायाचित्रात रिसीव्हर काचेच्या बंद कपाटात दिसतो. तो तिथून बाहेर काढावा. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचे तापमान दर १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते, आणि स्टँडबायचा छोटा पुरवठा तर रिसीव्हर बंद असतानाही चोवीस तास चालू असतो. पुढे कधी दिवाही लागेनासा झाला, तर पहिला संशय तिथल्या कंडेन्सरवर घ्यावा. मात्र त्याआधी रिमोट तपासावा: मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबल्यावर त्याच्या टोकाशी फिकट जांभळा प्रकाश दिसला, तर रिमोट किरण सोडतो आहे.

प्रश्न: भावाने अमेरिकेहून अँप्लिफायर आणि रेकॉर्ड प्लेअर आणला. पिन बदलणारा अॅडॉप्टर लावून अँप्लिफायर चालू केला, तर जळका वास आला आणि तो बंद पडला. (एक वाचक, दापोली)

उत्तर: अॅडॉप्टरने पिनेचा आकार बदलतो, विजेचा दाब बदलत नाही. अमेरिकेत १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ पुरवठा असतो. आपल्याकडे त्याच्या जवळजवळ दुप्पट दाब मिळाला. नशीब बरे असेल, तर केवळ फ्यूज आणि पुरवठ्याशी लावलेला व्हॅरिस्टर (दाबाची उसळी शोषणारा छोटा भाग) गेला असेल. काही ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमध्ये दडवलेला थर्मल फ्यूजही असतो. तो गेला असल्यास कारागीर मल्टिमीटरने सांगू शकेल. दुरुस्तीनंतर दाब कमी करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा आणि त्याची क्षमता अँप्लिफायरच्या पट्टीवर लिहिलेल्या वॅटच्या किमान दीडपट असावी.

रेकॉर्ड प्लेअरसाठी मात्र तेवढे पुरणार नाही. त्याची मोटर विजेच्या आवर्तनांवर चालणारी असेल, तर ५० हर्ट्झवर ती सहाव्या भागाने हळू फिरेल आणि मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची तबकडी २८ च्या आसपास फेऱ्या घेईल. सारे गायक एकदम पोक्त आवाजाचे होतील. डीसी मोटर असेल, तर ही अडचण येत नाही. आखातातून आणलेल्या सामानाला सहसा असा त्रास होत नाही, पण सौदी अरेबियात पूर्वी १२७ व्होल्टचाही पुरवठा होता, आणि जपानच्या देशी बाजारातील यंत्र १०० व्होल्टचे असते. पट्टी वाचल्याशिवाय प्लग लावू नये.

प्रश्न: मे महिन्याच्या शेवटी वीज कडाडली आणि घरातली वीज गेली. तासाभराने ती परत आली तेव्हापासून होम थिएटर मृतवत आहे. स्पाइक गार्ड लावलेला होता आणि त्यावरचे बटण बंद होते. (एक वाचक, गुहागर)

उत्तर: स्पाइक गार्डमधील व्हॅरिस्टर क्षणभराची उसळी शोषतो, आणि अनेक साध्या स्पाइक गार्डमध्ये तो तिच्यातील काही भाग अर्थिंगकडे वळवतो. आपल्याकडे जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात ओल राहत नाही, त्यामुळे पावसाच्या तोंडावर, म्हणजे नेमके वीज कडाडण्याच्या दिवसांत, अर्थिंग सर्वांत दुबळे असते. अर्थिंगच्या खड्ड्यात मार्चपासून नियमित पाणी घालावे आणि ते वायरमनकडून मोजून घ्यावे. बंद बटणाचा भरवसाही धरू नये, कारण बटणाच्या आतील अंतर काही मिलीमीटरचे असते आणि आकाशातील विजेला ते अडवत नाही. शिवाय डिशची किंवा केबलची वायर जोडलेली असेल, तर विजेला दुसरी वाट मोकळीच असते. दोन्ही वायरी काढून ठेवणे हाच खरा उपाय आहे.

मात्र पत्रातील ‘परत आली तेव्हापासून’ हे शब्द मला वेगळी शंका घ्यायला लावतात. फांदी पडून लाइनवरची न्यूट्रल तार तुटली, तर काही घरांत २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो, आणि तो क्षणभर नव्हे, मिनिटेच्या मिनिटे टिकतो. शेजाऱ्यांच्या घरी त्याच वेळी बल्ब, पंख्याचे रेग्युलेटर किंवा फ्रिज गेले का, हे विचारावे. गेले असल्यास लाइनमनकडून न्यूट्रलची जोडणी तपासून घेतल्याखेरीज दुरुस्त केलेले यंत्र लावू नये. अशा दाबापुढे स्पाइक गार्ड टिकत नाही; दाब ठरावीक मर्यादेबाहेर गेला की पुरवठा तोडणारे उपकरण मीटरनंतर बसवावे लागते. आपल्या यंत्रात फ्यूज आणि व्हॅरिस्टरच गेले असतील, तर दुरुस्ती स्वस्तात होईल. फ्यूजपुढचा स्विचिंग पुरवठा जळाला असल्यास पूर्ण बोर्ड बदलावा लागेल, आणि स्वस्त होम थिएटरसाठी तो खर्च करणे मला पटत नाही.

प्रश्न: चाके असलेला बॅटरीवरचा स्पीकर मागच्या शिमग्यानंतर वापरला नाही. आता चार्जर लावूनही दिवा लागत नाही. (एक वाचक, मालवण)

उत्तर: मोठ्या स्पीकरमध्ये बहुधा १२ व्होल्टची सीलबंद लेड-अॅसिड बॅटरी असते. पूर्ण चार्ज झालेल्या अशा बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या वर दाब दिसतो. वर्षभर पडून तो १०.५ च्या खाली गेला, की तिच्या पत्र्यांवर सल्फेट घट्ट बसते आणि काही चार्जर अशा बॅटरीला चार्ज करायला सुरुवातच करत नाहीत. आधी चार्जरच्या टोकाशी दाब मोजावा, कारण चार्जरच गेला असेल तर काम सोपे आहे. तो ठीक असल्यास बॅटरी बदलावी आणि नवी दर महिन्याला एकदा चार्ज करावी. आत लिथियमची बॅटरी असेल आणि ती फुगलेली दिसत असेल, तर तिला चार्जर लावूच नये. लेड-अॅसिडची जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नये. नवी घेताना दुकानदार जुनीचे पैसे वळते करून देतो.